पक्षी कमी झाले की कान?

मार्च उजाडला की आमच्या एजवेअरच्या घरात दोन कामे एकदम उभी राहतात: एक पेसाखची साफसफाई आणि दुसरे पक्षी पाहणे. पहिले टाळण्यासाठी आमचे हे दुसऱ्याची आठवण करून देतात. मग रविवारी सकाळी थर्मासमध्ये चहा भरून आम्ही दोघे 142 नंबरच्या बसने स्टॅनमोरचा चढ चढतो आणि बेंटली प्रायरीच्या रानात शिरतो.

याच टेकडीवरच्या वाड्यातून 1940 साली एअर चीफ मार्शल डाउडिंग यांनी ब्रिटनच्या आकाशातले युद्ध चालवले. किनाऱ्यावरची रडारयंत्रे आणि आभाळाकडे डोळे-कान लावून बसलेले टेहळे यांच्याकडून शत्रूच्या विमानांची वर्दी इथे येई. 2013 पासून वाड्यात संग्रहालय आहे. आता आभाळाकडे कान लावतात ती आमच्यासारखी पेन्शनर माणसे!

पक्षी पाहायला हेच दिवस उत्तम. ओकला अजून पान नसते, त्यामुळे गाणारा पक्षी कुठल्या फांदीवर आहे ते सहज दिसते. कोकणात तशी सोय नाही. ह्यांचे बालपण रेवदंड्याला गेले. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाडीत बारा महिने दाट सावली; भारद्वाज दिसण्याआधी त्याचे घुमणे ऐकू येई. त्यामुळे ह्यांचा कान लहानपणीच तयार झाला. त्याच तालुक्यात किहीमला सालिम अलींनी 1930 साली सुगरणींची घरटी न्याहाळली, हे ते असे सांगतात की जणू स्वतः शेजारी बसले होते.

असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी त्या रानात थांबून म्हणाला, "अगं, पक्षी फार कमी झालेत."

त्याच वेळी डोक्यावरच्या हॉलीत गोल्डक्रेस्ट गात होता. ब्रिटनमधला हा सर्वांत लहान पक्षी, वजन पाच-सहा ग्रॅम, आवाज सुईच्या टोकासारखा बारीक. ह्यांनी मान वर केली नाही. सुतार पक्ष्याचा ढोल ह्यांना ऐकू आला. पोपटांचा कलकलाटही आला. हे पोपट आपल्या अलिबागच्याच जातीचे. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही प्रजा 1969 पासून इथे मोकळी वाढते आहे. पण रॉबिन, रेन, गोल्डक्रेस्ट ह्यांच्यासाठी मुके झाले होते.

आमचा जन्म वॉर्डात गेला. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी वयाबरोबर मरतात, पुन्हा उगवत नाहीत आणि उंच, बारीक आवाज आधी जातात, हे आम्ही किती जणांच्या नवऱ्यांना बेधडक सांगितले असेल! घरी मात्र तोंड उघडेना. आम्ही नुसते बोट दाखवत राहिलो, "अहो, तो बघा." असे दोन वसंत गेले.

उंच आवाज जातात तेव्हा फक्त पक्षी जात नाहीत. स, फ, थ ही अक्षरे जातात, लहान मुलांचे बोलणे जाते. नात काही सांगू लागली की हे म्हणत, "नीट बोल, पुटपुटू नकोस." होता होता ती आजोबांना काही सांगेनाशीच झाली. तेव्हा आम्हाला आमच्या गप्प बसण्याची लाज वाटली. पुढच्या रविवारी त्याच हॉलीखाली उभे राहून आम्ही म्हणालो, "अहो, पक्षी आहेत. तुम्हाला ऐकू येत नाहीत."

बस एजवेअरला पोचेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर विचारले, "किती दिवसांपासून ठाऊक होतं तुला?" या प्रश्नाला आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते.

इथे सरकारी आरोग्यसेवेतून कानाचे यंत्र फुकट मिळते. ह्यांनी ते घेतले, कुरकुर करीत. यंदाच्या मार्चमध्ये रानात शिरल्यावर आधी स्वतःच्याच कोटाची सळसळ ऐकून दचकले. मग एका काटेरी झुडपापाशी थांबले. रॉबिन होता. "हा सगळा वेळ इथेच होता?" एवढेच म्हणाले. गोल्डक्रेस्ट मात्र यंत्रालाही सापडला नाही. नातीचे बोलणे सापडले, ते पुरे.

पण ह्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पेसाखात शीर हशिरीम वाचतात, त्यात हिवाळा सरल्यावर ऐकू येणारा तोर म्हणजे आपला होला. तो एप्रिलच्या अखेरीस आफ्रिकेतून इंग्लंडात येतो. 1970 नंतर या देशातले शंभरातले नव्वदांहून अधिक होले नाहीसे झाले. एजवेअरच्या रानात आम्हाला तो ऐकू येत नाही, यंत्र लावूनही नाही. ती शांतता आमच्या कानातली नव्हे.

म्हणून आमच्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगणे: आधी कान तपासून घ्या. मग कोण खरोखर निघून गेले आणि कोण आपल्याशी अजून बोलते आहे, हे तरी नीट कळेल.