सरचूत कॅम्परव्हॅनचा मुक्काम

मनालीहून लेहला कॅम्परव्हॅनने निघालात, की बारालाचा खिंड उतरल्यावर हिमाचल-लडाखच्या सीमेवरचं सरचूचं पठार लागतं. उंची सुमारे 4,300 मीटर. इथं इंजिनाआधी गाडीतलं घर कुरकुरतं.

सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. संध्याकाळीच लागेल तेवढं पाणी कॅनमध्ये काढा, टाकी रिकामी करा आणि नळ उघडे ठेवा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप तडकतो. ते कळतं मात्र सकाळी, ऊन चढून गळती सुरू झाल्यावर!

शेगडी मंद जळते? रेग्युलेटर खोलत बसू नका. थंडीत सिलिंडरमधल्या ब्युटेनची वाफच नीट होत नाही. उन्हं आली की ज्योत सुधारते. सिलिंडरला आच मात्र कधीही दाखवू नका. पाणीही इथं 86 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-भाताला कुकर हवाच.

आणि उबेसाठी खिडक्या लावून, शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तरी ‘उंचीमुळे असेल’ म्हणून आपण कूस बदलतो. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, अंगावर आणखी एक रजई घ्या. कुणाचं डोकं दुखलंच, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.