बाळाच्या भातांतील जिरें

उष्टावणाच्या दिवशीं सोन्याच्या अंगठीनें खिरीचें बोट चाटवून झालें, आणि दुसऱ्याच दिवशीं आमच्या स्वयंपाकघरांत दोन पक्ष पडले. नातू सहा महिन्यांचा. सूनबाईंचें म्हणणें, वर्षाचा होईपर्यंत त्याच्या अन्नांत वरून मीठ नको, साखर नको, मध तर मुळींच नको. मग मसाले तरी कशाला? सौभाग्यवतींचें म्हणणें, हिंग-जिऱ्यावांचून मुगाचें वरण मुलाला बाधेल. दोघीही आमच्याकडे न्याय मागूं लागल्या.

न्याय देण्याचा अधिकार आम्हीं पूर्वींच गमावला होता. तीस वर्षांपूर्वीं ह्याच घरांत आमच्या चिरंजीवांस दांत येत होते व ते रात्र-रात्र रडत. आम्हांस सकाळीं कचेरी गांठावयाची असे. बाळगुटींत जायफळाचा एक वेढा घालण्याची घरची रीत. त्या रात्रीं आम्हीं स्वतः सहाणेवर सात-आठ वेढे उगाळून पेजेंत कालविले. मूल झोंपलें खरें. पण दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत हलवूनही नीट जागें होईना. डॉक्टरांपुढें खरें सांगतांना आमची जीभ जड झाली. जायफळ सुवासिक असलें तरी प्रमाण चुकल्यास विषासारखें बाधतें, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. मूल सुखरूप उठलें. सौभाग्यवतींनीं तो विषय पुन्हा कधीं काढला नाहीं, हीच आमची शिक्षा.

ती हकीकत आम्हीं आतां प्रथमच सूनबाईंस सांगितली. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मामंजी, म्हणजे वासासाठीं घातलेलें निराळें, आणि झोंपेसाठीं घातलेलें निराळें."

आम्हांस वाटतें, सर्व वादाचें सार ह्या एका वाक्यांत आहे. घरच्या फोडणीचा वास मुलाला अगदींच परका नसतो. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या फिलाडेल्फिया येथील एका प्रयोगांत, गरोदरपणीं किंवा अंगावर पाजतांना ज्या मातांनीं गाजराचा रस घेतला, त्यांच्या मुलांनीं गाजराची चव असलेली पेज साध्या पेजेपेक्षां कमी तोंड वांकडें करून खाल्ली; इतर मुलांत असा फरक दिसला नाहीं.

सध्यां आमच्याकडे असा क्रम चालू आहे. प्रथम नुसता मऊ भात व तूप. तीन-चार दिवसांनीं भाजून कुटलेल्या जिऱ्याची लहानशी चिमूट. तें मानवल्यावरच वरणांत कणभर हिंग. नवें जिन्नस एका वेळीं एकच, म्हणजे कांहीं बाधलें तर कारण कळतें. हळद घरीं हळकुंडें कुटून केलेली. कारण बाजारी हळदींत रंगासाठीं शिशाचा क्षार मिसळल्याचीं उदाहरणें उघडकीस आलीं आहेत. मिरची नाहीं, अख्खी मोहरी किंवा मिरा घशांत अडकेल म्हणून तेंही नाहीं. मीठ, साखर व मध ह्यांविषयीं सूनबाईंचा शब्द अखेरचा.

ज्या घरांत आजी व आई ह्यांच्यांत असाच वाद असेल, त्यांनीं दोघींचेंही थोडें ऐकावें. आमच्या जायफळाची डबी मात्र सूनबाईंनीं फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेविली आहे, आणि ती खालीं काढा असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं.