बायरॉइटहून

बायरॉइट, पहिलं मध्यंतर

ती. नाना,


‘पार्सिफाल’ ऑपेराचा पहिला अंक आत्ताच संपला. मध्यंतर चांगलं तासाभराचं असतं, म्हणून बाहेर बाकावर बसून लिहितोय. वाग्नरच्या या थिएटरात लाकडी खुर्च्या, हात टेकायला काही नाही. वादकांचा खड्डा झाकलेला, त्यामुळे सूर नेमके कुठून येतात ते कळत नाही.

म्हातारा गुर्नेमान्झ पूर्वकथा सांगायला लागतो आणि सांगतच राहतो. मी वैतागलो. मग ग्रेलचा विधी. ग्रेल म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला प्याला, तो राजा आम्फोर्टासने उघडायचा. पण तो उघडला की राजाची न भरणारी जखम पुन्हा वाहू लागते. तो गयावया करतो, आणि ते पवित्र शूरवीर काही सोडत नाहीत. भक्तिभाव राहिला बाजूला, मला त्या भक्तांचाच राग आला. या अंकाला टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी जुनी प्रथा. नाट्यपदांना वन्स मोअर देणाऱ्या तुमची इथे पंचाईतच झाली असती!

सज्जातून ट्रम्पेट वाजले. तीनदा वाजले की पाच मिनिटं उरली समजायचं. जातो.

रात्री उशिरा

नाना, तिसऱ्या अंकात रडलो.

कुंड्री म्हणून एक बाई आहे. येशूच्या यातनांना हसली म्हणून जन्मोजन्मी भटकणारी. वाग्नरने 1856 साली आनंद आणि प्रकृती यांच्या बौद्ध कथेवर ऑपेराचा आराखडा केला होता. तो ऑपेरा झाला नाही, पण त्यातला पुनर्जन्म इथे आला. दुसऱ्या अंकात एवढं गाणारी ही बाई तिसऱ्यात ‘सेवा’ एवढाच शब्द दोनदा म्हणते आणि गप्प होते. पार्सिफालचे पाय धुते, केसांनी पुसते. तिच्या वाटचं सगळं वाद्यं बोलतात. एवढे तास बसून माझा अडेलपणाही दमला होता बहुधा. गुर्नेमान्झचं ते चऱ्हाट नसतं, तर हे इतकं लागलं नसतं.

पण पार्सिफाल तिला बाप्तिस्मा देतो तिथे हेर्मान लेवी आठवला. 1882 चा पहिला प्रयोग त्याने संचालित केला, ज्यू रब्बीचा मुलगा. तू बाप्तिस्मा घे, म्हणून वाग्नर त्याच्या मागे लागला होता. लेवी बधला नाही. ते आठवलं आणि डोळे कोरडे झाले. सूर मात्र तितकेच गोड लागत राहिले, याचाच जास्त राग आला. शेवटी पार्सिफालच्या हातातल्या भाल्याने राजाची जखम भरते. त्याला छळणाऱ्यांना मात्र कुणी जाब विचारत नाही.

आईला सांगा, जेवण वेळेवर चाललंय.

तुमचा,
श्री