चिरंजिवांच्या पाठीमागे बसून

अमेरिकेहून परत आलेल्या गृहस्थाने नायगऱ्याचा धबधबा वर्णावा, असा आपल्याकडे परिपाठच पडून गेला आहे. वाचकांनी तो इतक्या वेळा वाचला आहे की, आम्ही त्यात आणखी एक घागर ओतण्याचे कारण दिसत नाही. आम्ही नायगरा पाहिला. तो मोठा आहे. इतके सांगून त्याचा निरोप घेतो. आज जो प्रवास सांगावयाचा आहे तो अवघ्या एका दिवसाचा, सुमारे तीनशे मैलांचा असून, तो आम्ही वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आमच्या चिरंजिवांच्या फटफटीवर मागे बसून केला.

फटफटी हा शब्द वाचून वाचकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहील ते त्यांनी कृपा करून पुसून टाकावे. आम्ही वाईस छत्तीस वर्षे संस्कृत शिकविले, आणि त्या काळात आम्ही स्वतः चालविलेले एकमेव यंत्रवाहन म्हणजे लूना. पसरणीचा घाट चढताना त्या बिचारीस पायडल मारून साहाय्य करावे लागे. चिरंजिवांचे वाहन म्हणजे हार्ले-डेव्हिडसन कंपनीची 'इलेक्ट्रा-ग्लाइड अल्ट्रा क्लासिक' ही २०१७ सालची गाडी. तिचे वजन सुमारे चारशे किलो, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दहा मणांहून अधिक. आणि इंजिन १,७४५ सी.सी.चे, म्हणजे आमच्या लूनेची पस्तीस इंजिने एकत्र बांधावी तेवढे. पुढे वारा अडविण्यास मोठे कवच व काच, त्यातच आकाशवाणी व रस्ता दाखविणारा पडदा. दोन्ही बाजूंस कुलपाच्या पेट्या, मागे आणखी एक मोठी पेटी. आणि त्या पेटीस लागून मागच्या बसणाऱ्यासाठी गादी, पाठीस टेकू, हात ठेवण्यास दोन्हीकडे आधार. आमच्या मुख्याध्यापकांची खुर्चीही इतकी सुखाची नव्हती.

व्याकरणाच्या अभ्यासकास या गाडीच्या नावाचा इतिहास रुचण्याजोगा आहे. १९४९ साली कंपनीने पुढच्या चाकास तेलाच्या दाबाने धक्के सोसणारी योजना बसविली, तेव्हा गाडी 'हायड्रा-ग्लाइड' झाली. १९५८ साली मागच्या चाकाचीही तशी सोय झाली, तेव्हा 'ड्युओ-ग्लाइड'. आणि १९६५ साली लाथ मारण्याऐवजी विजेच्या कळीने इंजिन सुरू होऊ लागले, तेव्हा 'इलेक्ट्रा-ग्लाइड'. इतकी अन्वर्थक नावे आपल्या नगरपालिकांनी रस्त्यांना दिली असती तर किती बरे झाले असते!

या गाडीच्या आवाजाविषयीही दोन शब्द लिहावयास हवेत. तिच्या इंजिनाची दोन नळकांडी एकमेकांशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून असतात, आणि दोन्ही दट्टे एकाच खुंटीला जोडलेले असतात. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने न होता, एक ३१५ अंशांनी व दुसरा ४०५ अंशांनी होतो. गाडी उभ्या जागी सुरू ठेवली असता आम्ही कान देऊन ऐकले. एक लघु, एक गुरु. पुन्हा लघु, पुन्हा गुरु. हा तर पंचचामर! गुरूची मात्रा पूर्ण भरत नाही एवढाच दोष. आम्ही चिरंजिवांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, या आवाजावर कंपनीने १९९४ साली कायदेशीर हक्क मागितला होता, २००० साली तो नाद सोडून दिला." वृत्तावर कोणा एकाचा हक्क चालत नाही, हे त्यांना सहा वर्षांनी उमगले म्हणावयाचे.

आता या प्रवासामागील एक गुप्त हेतू सांगणे भाग आहे. चिरंजीव शार्लट शहरी राहतात. अशा नव्या गाडीची किंमत तेव्हा तीस हजार डॉलरांच्या घरात जात होती. त्यांनी जुनी घेतली, कर्जही फिटले. तरी विमा, टायर, तेल यांचा खर्च चालूच असतो. सूनबाईंचा आक्षेप मात्र पैशाचा नव्हता. आमची नात चार वर्षांची झाली, तेव्हापासून दर रविवारी गाडी बाहेर निघाली की त्यांचे लक्ष घड्याळाकडे लागते. आम्ही जाऊन पंधरा दिवस झाल्यावर एका सकाळी चहा देताना त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, ते माझे ऐकत नाहीत. तुमचे ऐकतील. गाडी विकून टाका, एवढे तुम्ही एकदा सांगा." आम्ही होकार दिला. आजन्म मुलांना उपदेश करण्यात गेल्यामुळे आणखी एक उपदेश आम्हांस जड वाटला नाही. त्याच सायंकाळी चिरंजीव म्हणाले, "अण्णा, शनिवारी डोंगरात जाऊ. येता?" दिवसभर एकांत मिळेल या विचाराने आम्ही हो म्हटले. सूनबाईंनी आपले शिरस्त्राण आम्हांस दिले. नात होण्यापूर्वी त्याही या गाडीवर बसत, हे आम्हांस तेव्हा कळले.

२०२३ सालच्या ऑक्टोबरचा मध्य होता. आम्ही अंधार असतानाच निघालो. निघण्यापूर्वी चिरंजिवांनी आम्हांस धडा दिला: "वळणावर गाडी कलेल. तुम्ही उलट बाजूला कलू नका. माझ्या ज्या खांद्याच्या बाजूला वळण, त्या खांद्यावरून पुढे पाहा, म्हणजे झाले." पहिल्या दोन वळणांवर आमचे शरीर हटकून उलट गेले. तिसऱ्या वळणापाशी ते ओरडले, "अण्णा, भांडू नका!" त्यानंतर आम्ही भांडलो नाही.

हिकरी, लेनॉर ही गावे मागे टाकून ब्लोइंग रॉक येथे चढलो, आणि तेथून ब्लू रिज पार्कवे नावाच्या रस्त्यास लागलो. हा रस्ता शेनान्डोआ व ग्रेट स्मोकी माउंटन्स या दोन राष्ट्रीय उद्यानांना जोडणारा असून ४६९ मैल लांब आहे. मंदीच्या काळात, १९३५ साली, लोकांच्या हातांस काम देण्यासाठी तो सुरू झाला व १९८७ साली पूर्ण झाला. यावर मालमोटारींना मज्जाव, जाहिरातींच्या फलकांना मज्जाव, आणि वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी पंचेचाळीस मैल. कोठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर जाण्यासाठीच बांधलेला रस्ता आम्ही जन्मात प्रथम पाहिला. दोन्ही बाजूंचे डोंगर पळस फुलल्यासारखे तांबडे व हळदीसारखे पिवळे झाले होते. फरक इतकाच की, ही फुले नसून गळावयास निघालेली पाने होती. समोरून येणारा प्रत्येक फटफटीवाला डावा हात खाली सोडून चिरंजिवांस खूण करी, व तेही तशीच खूण करीत. ओळखदेख काही नाही. आपल्याकडे गाडीवान एकमेकांस राम राम घालीत, त्याची आठवण झाली.

ग्रँडफादर पर्वताच्या कुशीत लिन कोव्ह नावाचा पूल आहे. सर्व रस्ता झाला तरी एवढाच तुकडा कित्येक वर्षे राहिला होता. कारण डोंगर कापावा तर त्याच्या अंगावरचे प्रचंड खडक व झाडी उद्ध्वस्त होणार, आणि डोंगराच्या मालकाचा त्यास सक्त विरोध. शेवटी १,२४३ फुटांचा नागमोडी पूल डोंगराला स्पर्श न करता त्याच्या कडेने न्यावयाचे ठरले. काँक्रीटचे १५३ भाग अगोदर तयार करून, आधी बसविलेल्या भागावर उभे राहूनच पुढचा भाग जोडीत गेले. त्यांतील सरळ असा एकच. रंगही शेजारच्या खडकांशी जुळेल असा मिसळला. १९८३ साली पूल झाला. त्यावरून जाताना गाडी प्रथम एका अंगास, मग दुसऱ्या अंगास अशी संथ झुलली, आणि आमच्या ध्यानात आले की, आपण केव्हापासून तिच्याबरोबर झुलत आहोत व गाडी विकण्याविषयीचे प्रास्ताविक मनातल्या मनात जुळवावयाचे थांबलो आहोत.

दुपारी माउंट मिचेल गाठले. उंची ६,६८४ फूट. आपल्या कळसूबाईहून सुमारे तेराशे फुटांनी अधिक. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस याहून उंच शिखर नाही. वर एक समाधी आहे, ती एका शिक्षकाची. एलिशा मिचेल हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक. १८३५ साली वायुभारमापक घेऊन हे गृहस्थ या डोंगरात हिंडले व हेच शिखर सर्वांत उंच, असे त्यांनी प्रतिपादिले. वीस वर्षांनी त्यांचाच जुना विद्यार्थी टॉमस क्लिंगमन, जो पुढे मोठा राजकारणी झाला होता, म्हणू लागला की, गुरुजी ज्यावर चढले ते शिखर हे नव्हेच. सर्वांत उंच शिखर आपण मोजले. वर्तमानपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. चौसष्टाव्या वर्षाच्या आत-बाहेर असलेले गुरुजी १८५७ च्या जूनमध्ये पुन्हा मोजणी करण्यास एकटे डोंगरात शिरले आणि एका धबधब्यावरून पडून मरण पावले. टॉम विल्सन नावाच्या डोंगरी शिकाऱ्याने पावलांचा माग काढीत त्यांचा देह शोधला. शिखरास गुरूचे नाव मिळाले. शिष्याचे नाव दुसऱ्या एका शिखरास होते. ते २०२४ साली काढून तेथे कुवोही हे मूळचे चेरोकी नाव परत ठेवण्यात आले.

त्या समाधीपाशी वारा झोंबत होता. चिरंजिवांनी विचारले, "गुरुजींनी एवढ्यासाठी जीव द्यावा का, अण्णा?" आमच्या आयुष्यात पाच-सहा विद्यार्थ्यांनी आम्हांस चूक ठरविले आहे, व त्यांतील दोघांचे म्हणणे खरे होते. आम्ही म्हटले, "मोजावयास एकट्याने जावयास नको होते. शिष्याला बरोबर न्यावयास हवे होते." बोलून गेल्यावर आम्हांस सूनबाईंचा निरोप आठवला. हीच वेळ होती. परंतु आम्ही तो सांगितला नाही.

उतरताना एके ठिकाणी दरीचे दृश्य पाहण्यास थांबलो. कडेस सुटी खडी होती. चिरंजिवांनी पाय टेकला तो खडीवरून सरकला, आणि दहा मणांची ती गाडी, अगदी हत्ती बसावा तशी, सावकाश डाव्या अंगावर कलंडली. इंजिनापुढच्या व पेट्यांजवळच्या लोखंडी कड्यांवर ती अडून राहिली, म्हणून आमचा पाय सापडला नाही. आम्ही गादीवरून ओघळून खडीवर बसलो, एवढेच. चिरंजिवांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. दोन अनोळखी फटफटीवाले धावत आले. गाडीकडे पाठ करून, ढुंगण गादीस लावून, पायांच्या जोरावर मागे मागे सरकत ती उभी करण्याची एक युक्ती आहे. तिघांनी मिळून ती उभी केली. कड्यावर वीतभर ओरखडा राहिला.

आम्ही दोघे दगडी कठड्यावर बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीव म्हणाले, "अण्णा, पसरणी आठवते?"

आम्हांस आठवत होती. १९९४ चा श्रावण. हे आठ वर्षांचे. लूनेवर मागे बसलेले. घाटातल्या चिखलावर आम्ही दोघे घसरलो; त्यांचा गुडघा सोलवटला. पाचगणीस दोन रुपयांच्या गोळ्या घेऊन देऊन आम्ही त्यांस म्हणालो होतो, "शाळेत पडलो म्हणून सांग." सत्याचे धडे देणाऱ्या मास्तराने मुलाला खोटे शिकविल्याचा तो दिवस. आणि हा मुलगा एकोणतीस वर्षे ते पाळीत आला होता. त्याच्या आईस आजतागायत ठाऊक नव्हते.

"सांगावयाचे," आम्ही म्हटले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

रात्री साडेआठास घरी पोहोचलो. जेवताना चिरंजिवांनी खडीची हकीकत आपण होऊन सांगितली, काही न झाकता. सौभाग्यवतींनी ताक वाढता वाढता पसरणीची हकीकत आमच्या तोंडून ऐकली, व "मला तेव्हाच कळले होते, शाळेत एवढा लाल चिखल कोठे असतो?" एवढेच म्हणाल्या. सूनबाई पुष्कळ वेळ गप्प होत्या. मागाहून ओट्यापाशी त्यांनी आम्हांस विचारले, "अण्णा, ते बोललात का?" आम्ही खरे सांगितले की, बोललो नाही, आणि आता आमच्याच्याने बोलवणार नाही, त्यांनी स्वतः, आमच्यादेखत, पुन्हा एकदा बोलावे. त्या बोलल्या. दोघांचे तासभर चालले. आम्ही ऐकत बसलो. ठरले ते इतकेच: अंधारात निघावयाचे नाही व परतावयाचे नाही, प्रत्येक थांब्यावर फोन करावयाचा, आणि नात दहा वर्षांची होईपर्यंत तिला मागे बसवावयाचे नाही. गाडी राहिली.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, हेलीन नावाच्या वादळाने त्या डोंगरांत प्रलय मांडला. आम्ही ज्या रस्त्याने गेलो त्याचे मोठमोठे लचके दरीत गेले, झाडे हजारोंनी पडली, आणि कित्येक मैल रस्ता बंद झाला. चिरंजिवांनी फोनवर ते सांगितले तेव्हा, घरातले कोणी गेल्यासारखा त्यांचा आवाज होता. आम्ही विचारले, "आणि पूल?" ते म्हणाले, "पूल उभा आहे." मागून सूनबाईंचा आवाज आला, "अण्णांना सांगा, रस्ता नीट झाला की या म्हणावे. शिरस्त्राण त्यांच्या मापाचे घेऊन ठेवू. माझे मला लागेल."