दहावा माणूस

२०१६ साली राज्य सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा मी चौकटीतली छान बातमी केली होती. दहाचा आकडा मात्र मला माहीतच नव्हता.

परवा आपल्याच रायगडातल्या एका सिनेगॉगमध्ये (इथले जुने लोक मशीदच म्हणतात) गेलो होतो. वडिलांच्या पुण्यतिथीला मुलगा आलेला. त्याला कद्दीश म्हणायचा होता, वडिलांच्याच मशिदीत. त्यासाठी मिनियान लागतं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. जमले सात. "मी बसू का?" विचारलं. "बसा की भाऊ, पण मोजता नाही यायचं," म्हातारबाबा हसले.

घरी एकट्याने प्रार्थना चालते. कद्दीश नाही चालत, तोराचं जाहीर वाचनही नाही. आणि कद्दीशमध्ये मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती! पण 'आमेन' म्हणायला माणसं हवीत.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे आपले शनवार तेली. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. इमारतीच्या डागडुजीला निधी मागता येतो हो, माणसं कुठून मागणार?

मुंबईहून तिघं निघाल्याचा फोन आला. दिवे लावून सगळे थांबले. मीही थांबलो.