लाकूड माडीवर घाल, ओटीवर नको

भोर, चैत्र

चि. सोनूस,


वेल्ह्याच्या घरात लाकडी जमीन करायचा तुझा बेत दादाकडून कळला. त्या घरावर पैसा घालणारं आपल्यात कुणीतरी निघालं, याचाच आधी आनंद झाला. पण सुताराला विसार देण्याआधी माझं ऐक. लाकूड माडीवर घाल. ओटीवर आणि माजघरात नको.

कानद खोऱ्यातला पाऊस तू तोरणा चढताना पाहिलास, त्या घरात राहून नाही. आषाढात जोत्यातून ओल वर येते, मातीच्या भिंती ती पितात. अशा जमिनीवर फळ्या ठोकल्यास तर खाली ओल कोंडेल आणि वाळवीचं फावेल. जुन्या वाड्यांतले खांब नीट बघ, ते मातीत रोवलेले नसतात, दगडी तळखड्यावर उभे असतात. भिजलेलं लाकूड वाळलं तर टिकतं, पण वाळायला त्याला वारा लागतो. मातीच्या भिंतीचं तर त्याहून अवघड. 12 जुलै 1961 ला आपल्याच तालुक्यातलं पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात नदीकाठचे कितीतरी वाडे भिंती भिजून खचले. म्हणून खाली सिमेंटचा कोबाही करू नकोस, जमिनीतली ओल मग भिंतींत शिरते. चुन्यात बसवलेली शहाबादी फरशी पुरे. सारवलेली जमीन ठेवलीस तर माझ्याकडून शाबासकी.

माडीची गोष्ट निराळी. तिथे फळ्यांना खालून वारा आहे. आज वर जो मातीचा थर आहे त्यानं पावलांचा आवाज दबतो, पण त्याचं ओझं तुळयांवर असतं. तो काढायला हरकत नाही. मात्र आधी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपास. कुजायला सुरुवात तिथूनच होते. पेचकस टोचून बघ. सहज आत गेला तर नवी जमीन नंतर, तुळई आधी.

फळ्या नव्या सागाच्या घेण्यापेक्षा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळतो का ते विचार. दशकानुदशकं वाळलेलं लाकूड पिळवटत नाही. करवतीखाली घालण्याआधी त्यातले खिळे मात्र शोधून काढायला सांग, नाहीतर पातं जाईल. फळ्या आणल्यावर दोन-तीन आठवडे माडीवरच, मधे पट्ट्या देऊन, रचून ठेव. घराची हवा त्यांना लागू दे.

आता हिशेब. सागाची फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. लाकडातली ओल 10 टक्क्यांवरून 16 वर गेली तर 100 मिलिमीटर रुंदीची फळी अर्धा ते एक मिलिमीटर फुगते. चार मीटर रुंद माडीत अशा चाळीस फळ्या, म्हणजे सगळं मिळून दोन ते चार सेंटीमीटर. एवढी जागा ठेवली नाही तर जमीन मधे फुगून उठेल. म्हणून भिंतींच्या कडेला फट ठेव आणि वर पट्टी मार. फळ्यांच्या मधेही थोडी जागा सोडायला लाव. सुतार म्हणेल, फट दिसते. दिसू दे.

वर चकचकीत पॉलिश नको, जवसाचं तेल दे. पॉलिशला चरे पडले की सगळी जमीन घासावी लागते. तेल झिजेल तिथे पुन्हा लावता येतं.

आणि घाई करू नकोस. वैशाखात लाकूड कोरडं ठक्क असतं, श्रावणात ओलं. दिवाळीनंतर ते मधल्या स्थितीत येतं, तेव्हा सुतार लाव. यंदा पावसाआधी फक्त कौलं शाकारून घे, कारण छप्पर गळकं असेल तर खालचा साग फुकट. शाकारणीचा खर्च माझा. माहेर माझंही आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझी,
आत्या