लव्हाळ्याचे अंगण

लव्हाळा म्हणजे नेमके काय, असे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा 'एक प्रकारचे गवत' एवढे सांगून आम्ही पुढे सरकलो होतो. तुकोबांचा तो अभंग आम्ही दोघेही वीसेक वर्षे शिकवीत आलो आहोत. (आम्ही दोघे म्हणजे पतिपत्नी. सांगलीत एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि घरी येऊन त्याच विषयावर भांडतो.) महापूर, वृक्ष, लव्हाळा आणि त्यातून निघणारा नम्रतेचा बोध, सारे मुखोद्गत. मात्र ज्याच्या नम्रतेचे गोडवे आम्ही वर्गात गात होतो त्यालाच दर रविवारी अंगणातून उपटून फेकत होतो, हे फार उशिरा ध्यानात आले.

२०१४ साली घर बांधले तेव्हा पुढे लॉन हवेच, हा आमचा हट्ट. ट्रकभर लाल माती आणली, त्यावर रोपवाटिकेतले मेक्सिकन लॉन अंथरले. महिन्याभरात त्या गालिच्यातून गर्द, चकचकीत पाती वर आली. माळीमामांनी एक नजर टाकून सांगितले, "मातीतनंच आलाय. आता ह्यो घरचाच समजा." उपटला की देठ हाती येई आणि गाठ खालीच राही. लॉन कापले की तीन दिवसांत तो पुन्हा गवताच्या वर मान काढी. असे पाच पावसाळे गेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आईंना घेऊन आम्ही विट्याला नातेवाइकांकडे होतो. परतलो तेव्हा कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती, आणि अंगणात वीतभर गाळ होता. लॉन त्याखाली कुजून गेले. गाळ वाळला, त्याला भेगा पडल्या, आणि काही दिवसांनी त्या भेगांतून पहिली हिरवी टोके डोकावली ती लव्हाळ्याची. (मागोमाग हरळीही आली, पण तिच्याकडे तेव्हा कोण पाहतो!) अभंग असा दारात येऊन उभा राहिल्यावर आम्हाला गहिवरून आले नसते तरच नवल. छायाचित्र काढले, वर्गात दाखवले, आणि ठरवून टाकले की आता लॉन नको. जो वाचला त्याचेच हे अंगण.

पुढे या निर्णयाला विद्वत्तेचा टेकूही मिळाला. अमेरिकेत लॉनऐवजी तिथल्याच मातीतल्या लव्हाळ्याच्या भाऊबंदांची लागवड करतात. डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या उद्यानाने त्यांच्यापैकी केरेक्स या गणातल्या सुमारे ७० प्रकारांची काही वर्षे चाचणी घेऊन २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमी, कापणी कमी, माती धरून ठेवणार. आम्ही हरखलो. ते केरेक्स बहुतांशी रानातल्या सावलीत शांतपणे राहणारे आणि आमचा लव्हाळा भर उन्हात मुलूखगिरी करणारा, हा भेद सोयीस्करपणे नजरेआड झाला.

तो भेद दाखवला आईंनी. (आमच्यापैकी एकाच्या त्या आई, दुसरीच्या सासूबाई.) वाळवे तालुक्यात हळदीच्या आणि उसाच्या रानात, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही, त्यांची चाळीस वर्षे भांगलणीत गेली. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही त्यांच्या लेखी तीन वैऱ्यांची नावे. आम्ही अंगणात लव्हाळा राखला आहे हे कळले तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे खुरपे घेऊन बाहेर बसलेल्या दिसल्या. कमरेचे दुखणे असताना! आम्ही धावलो, अभंगाचा दाखला दिला. त्यांनी खुरपे थांबवले नाही.

"तुकोबा खोटं न्हाय बोललं. वाचतोच त्यो. पर कुणाच्या कमरंवर वाचतोय, ते बी बघाया पायजे."

वीस वर्षांच्या आमच्या अध्यापनात हा अन्वयार्थ एकदाही आला नव्हता.

त्यानंतर आम्ही वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना घरी बोलावले. त्यांनी लव्हाळ्याचा फुलाचा दांडा आमच्या बोटांत देऊन फिरवायला सांगितला. तो तीनधारी आणि भरीव निघाला, मध्ये पेर नाही. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ. म्हणजे वर्गातले आमचे उत्तरही चुकीचेच होते. हे गवत नव्हे, त्याचे कूळच वेगळे. खणून दाखवले तेव्हा जमिनीखाली काळपट गाठींची माळच्या माळ. माळ तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते. म्हणूनच कुळव फिरवून हा मरत नाही, वाढतो. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात तापवणे, किंवा तागासारखे दाट पीक घेऊन त्याला सावलीत कोंडणे, हे जुने उपाय आईंना तोंडपाठ होते. जगातल्या उपद्रवी तणांवर लेरॉय होम आणि सहकाऱ्यांचा जो ग्रंथ १९७७ साली आला त्यात पहिला मान याचाच आहे, असे सहकाऱ्यांनी सांगितले. आई म्हणाल्या, "पयलाच आसनार."

तरी याच कुळातला नागरमोथा त्या दिवाळीच्या उटण्यात न चुकता घालतात. आणि कालिदासाचा दुष्यंत, शिकार थांबवताना, डबक्यातला मोथा रानडुकरांनी खुशाल उकरावा असे म्हणतो, तो हाच. उकरण्याचे काम डुकरांकडे होते तोवर मोथ्याला काव्यात जागा मिळणे सोपे होते, असे आपले आम्हाला वाटते.

असो. तोड निघाली ती अशी. बाहेरच्या नळापाशी, सांडपाण्याच्या ओलीवर, पांढऱ्या गोल बोंडांचा चार बोटे उंचीचा एक बुटका आपणहून आला होता. त्याच कुळातला, किलिंगा. ओल मिळाली की हाही पसरतो, पण गाठींची ती माळ याला नाही. आईंनी तो उपटून पाहिला, मुळे निरखली आणि पुन्हा लावला. "ह्यो गरीब हाय." आता नळापासून पायरीपर्यंत तोच आहे. एप्रिलमध्ये जागोजागी पिवळा पडतो, लॉनसारखा देखणा तर कधीच नसतो. लव्हाळ्याला कुंपणालगतची विटांनी बांधलेली एक पट्टी दिली आहे. तिची राखण आई खुर्चीत बसून काठीने करतात आणि कुदळ आम्ही चालवतो. गावाकडे कढीपत्त्याचे रोप जरी जायचे झाले तरी त्याची मुळे त्या स्वतः धुऊन देतात. आपल्या अंगणातली एक गाठ कुणाच्या हळदीत जाता कामा नये.

यंदा तो अभंग शिकवताना एक लव्हाळा गाठींसकट वर्तमानपत्रात गुंडाळून वर्गात नेला. बाकांवरून फिरला. निम्म्या वर्गाला ओळख करून देण्याची गरजच नव्हती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गाठी परत न्या हं. इथं बागेत टाकू नका."

तास संपल्यावर गाठी मोजून पिशवीत भरल्या. नेताना सात होत्या. सहाच सापडल्या.